चित्र आणि चित्राखालची ओळ

अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागरीय व वायुमंडलीय प्रशासनाने, म्हणजेच ‘नोआ’ या संस्थेने, सिद्ध केलेला छायाचित्रसंग्रह सर्वांना खुला आहे. समुद्र, किनारे, जहाजे, जलचर व हवामान यांची हजारो चित्रे त्यात एकत्र आली असून त्यांपैकी बहुतेक कोणासही विनामूल्य वापरता येतात. संग्रहाचे हे औदार्य निर्विवाद होय. तथापि चित्रांचा संग्रह हा चित्रांखालील ओळींचाही संग्रह असतो. त्या ओळी काय सांगतात व काय सोडून देतात हे पाहिल्यावाचून त्याचे परीक्षण पुरे होत नाही.

टेक्सासमधील स्ट्रॅटफर्ड येथील धुळीच्या वादळाचे १८ एप्रिल १९३५ चे चित्र या संग्रहातील अत्यंत प्रसिद्ध चित्रांपैकी आहे. ठेंगण्या घरांवर धुळीचा प्रचंड लोट उभा आहे. तो येत आहे की जात आहे, हे स्थिर चित्र सांगू शकत नाही. ते सांगते ‘चालून येणारे’ या अर्थाचे ओळीतील धातुसाधित. ही ओळ मराठीत आणताना ‘वावटळ’ हा शब्द सहज सुचेल, पण तो चुकीचा ठरेल. वावटळीत गिरकी अभिप्रेत असते. येथे धुळीची रुंद भिंत पुढे सरकत आहे. गतीचा हा निर्णय चित्र करीत नाही, शब्द करतो.

हेच चित्र समुद्रापासून शेकडो मैल दूरचे असूनही किनारा व भूमापन खात्याच्या ऐतिहासिक विभागात आढळते, कारण ते त्या खात्याच्या सर्वेक्षणाच्या काळातील जॉर्ज मार्श यांच्या चित्रवहीतून आले. येथे वर्गीकरण विषयाचे नसून कार्यालयाचे आहे. त्यामुळे वादळे शोधणारा अभ्यासक अडखळतो, हा दोष. परंतु चित्र कोठून आले याचा माग शाबूत राहतो, हा गुण. दोहोंत निवड करावयाची झाल्यास गुणाचे पारडे जड ठरते, कारण विषयाची सूची मागाहूनही करता येते, हरवलेले मूळ मात्र पुन्हा सापडत नाही.

नोंदीचे मोल कशाने ठरते याचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. सप्टेंबर १८५९ मधील चुंबकीय वादळात तेथे घेतलेली वाचने ही छायाचित्रे नव्हती, केवळ आकडे होते. परंतु प्रत्येक आकड्याशी दिवस, वेळ व उपकरण यांची जोड होती. म्हणूनच २००३ साली भारतीय व परदेशी संशोधकांना त्यांवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजता आली. नेमकी ओळ असेल तर चित्राविनाही पुरावा उभा राहतो. ओळ नसेल तर उत्तम चित्रही मुके राहते.

मराठीत असा संग्रह उभारावयाचा झाल्यास आणखी एक प्रश्न उद्भवतो. १८९६ मध्ये प्रथम निघालेल्या आंतरराष्ट्रीय मेघचित्रावलीची परंपरा ढगाला त्याच्या रूपावरून नाव देते. तंतुमेघ, स्तरमेघ, राशिमेघ ही मराठी नावे तिचीच छाया होत. लोकभाषा मात्र ऋतूवरून व पिकावरून नाव देते. वैशाखातला गडगडाटी पाऊस ‘वळीव’. तशाच उंच, काळ्या ढगातून आश्विनाच्या सुमारास आला तर ‘हस्ताचा पाऊस’, ज्यावर मराठवाड्यातील रब्बीच्या ज्वारीची पेरणी अवलंबून असते. केवळ रूपावर आधारलेली सूची या दोहोंस एक ठरवील. केवळ लोकनामावर आधारलेली सूची त्यांचे साम्य लपवील. यास्तव दोन्ही नावांना स्वतंत्र रकाने हवेत, आणि लोकनाम कोणत्या गावी ऐकले तेही नोंदले जावे.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. २०१५ साली औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथून मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. अशा प्रयोगात कोणत्या ढगात, केव्हा व कोठे फवारणी झाली हे चित्राखाली नसेल, तर पाऊस प्रयोगाने पडला की एरवीही पडला असता, हा वाद चित्र दाखवून मिटत नाही. ज्यांच्या शेतावर तो ढग होता त्यांना तरी हे उत्तर मिळावयास हवे, आणि ते त्यांच्या भाषेत शोधता यावयास हवे.