पावती आणि फाशी

ठाकुर्लीच्या आमच्या भजनी मंडळात एकादशीला दामाजीपंतांचे आख्यान झाले. विठू महार दरबारात उभा राहिला आणि टाळकऱ्यांचे डोळे भरून आले. आरतीनंतर कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारले, "काका, दामाजीपंतांसाठी देव बेदरला धावला. मग राघोजी भांगऱ्यांसाठी का नाही धावला?"

मी गप्प राहिलो. राघोजी अकोले तालुक्यातल्या देवगावचे. सावकारशाही आणि इंग्रज राजवटीविरुद्ध त्यांनी बंड केले. सरकारच्या दप्तरी ते दरोडेखोर, लोकांच्या मनात क्रांतिकारक. २ जानेवारी १८४८ रोजी ते पकडले गेले, तेही पंढरपुरात! २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. देवाच्या दारात सापडलेल्या माणसाला देवाने का सोडवले नाही?

हा पेच आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत जेसी जेम्स नावाच्या लुटारूला त्याच्याच साथीदाराने १८८२ मध्ये गोळी घातली. त्याच्यावर लोकगीत झाले. १९४० मध्ये वुडी गथ्री या गायकाने त्याच चालीवर येशू ख्रिस्ताचे गीत बांधले. लुटारूच्या चालीवर देवाचे गाणे! पण दोन्ही कथांत विश्वासघात जवळच्याच माणसाने केलेला आहे. शिवाय गथ्रीचा येशू श्रीमंतांना गरिबांसाठी द्यायला सांगतो आणि त्यापायी मारला जातो. तिथे देव सुटका करायला येत नाही, मारल्या जाणाऱ्याच्या जागी स्वतः उभा राहतो. या गीताचे बळ मला इथे दिसते.

मात्र जेसीच्या मूळ गीतात एक खोट आहे. तो गरिबांचा कैवारी म्हणून गायला जातो, पण यादवी युद्धात तो गुलामगिरी राखणाऱ्यांच्या बाजूने लढला होता, हे गीत सांगत नाही. चाल गोड लागली की मेलेल्यांची नावे गळतात. आपणही बंडखोरांचे पोवाडे गाताना हे पथ्य पाळावे. अन्यायाची चीड खरी असते, तसे सांडलेले रक्तही खरेच असते.

दामाजीपंतांचे आख्यान या कसोटीला उतरते. त्यांनी बादशहाचे कोठार दुष्काळात लुटवले, पण हिशेब नाकारला नाही. विठू महार पै न् पै भरतो आणि पावती घेतो. भुकेल्याला अन्न मिळाले आणि देणेही फिटले. शिवाय देव आला तो, ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याच्या रूपात.

पण दामाजींच्याच मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. तिथे देवाने भिंत थोपवली नाही. नामदेवरायांनी ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या ओळखून पंढरीला आणल्या, आणि महाद्वारी समाधी झाली. आपल्या संप्रदायात या दोन्ही कथा एकाच मंगळवेढ्याच्या आहेत. एकीच्या भरवशावर दुसरी विसरली, तर आपले कीर्तन गोड होईल, खरे होणार नाही.

त्या मुलाला मी पुढच्या एकादशीला एवढेच सांगितले, "बाळा, देव वाचवतोच असे संतांनी कधी म्हटले नाही. तो सोडत नाही, एवढेच म्हटले." आता ठाणे स्टेशन आले की त्या तुरुंगाच्या दिशेने माझे हात आपोआप जुळतात.

राम कृष्ण हरी.