वारली भिंतीवरील मृगया : साम्य आणि वंश

डहाणू तालुक्यांत कासा या गांवाच्या आसमंतांत सूर्या नदीचें खोरें, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर आणि वारल्यांचे विखुरलेले पाडे आहेत. या पाड्यांतील कुडाच्या भिंतींवर तांदुळाच्या पिठानें काढल्या जाणाऱ्या चित्रांची कीर्ति आतां देशोदेशीं पोंचली आहे. त्या चित्रांत धनुष्य ताणून हरिणामागें धांवणारा पारधी वारंवार आढळतो. आणि तो दृष्टीस पडतांच पाहणारा ठरल्याप्रमाणें उद्गारतो कीं, हा तर भीमबेटक्याचाच पारधी, दहा हजार वर्षें असाच धांवत आलेला! हें मत इतक्या वेळां बोललें व लिहिलें गेलें आहे कीं, त्यास पुरावा मागणें हेंच आतां अरसिकपणाचें वाटतें. प्रस्तुत लेखाचा हेतु तो पुरावा मागण्याचा आहे.

प्रथम पूर्वपक्ष. भीमबेटका येथील चित्रित शिलाश्रय १९५७ सालीं विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं उजेडांत आणिले. २००३ सालीं त्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथें फांद्यांसारख्या शिंगांचीं हरणें आहेत, धनुर्धर आहेत, रांगेनें नाचणारीं माणसें आहेत. वारली भिंतीवरही हें सर्व आहे. साम्य आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. प्रश्न इतकाच कीं, साम्यावरून वंश सिद्ध होतो काय?

आमच्या मतें होत नाहीं, आणि त्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, थोडक्या रेघांत धांवता मनुष्य व उडी घेणारें हरिण काढावयाचें म्हटलें म्हणजे हातास फारसे मार्ग उरत नाहींत. स्पेनच्या पूर्व भागांत वाल्तोर्ता येथील घळींतल्या एका शिलाश्रयांत धनुर्धर हरणांच्या कळपावर बाण सोडीत असल्याचें चित्र आहे. त्याचेंही या दोहोंशीं साम्य आहे. परंतु म्हणून डहाणूचे वारली स्पेनांतून आले असें कोणी म्हणत नाहीं. जें साम्य दूरच्या देशाबाबत आपण निरर्थक मानतों, तेंच जवळच्या प्रांताबाबत निर्णायक मानावें, हा न्याय नव्हे.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. खडकावर एका चित्रावर दुसरें चित्र चढतें. कोणतें खालीं व कोणतें वर हें पाहून त्यांचा क्रम लावतां येतो. वारली भिंत कुडाची. ती शेणमातीनें लिंपावयाची, गेरूनें सारवावयाची, आणि लग्न निघालें म्हणजे तांदुळाच्या पिठाच्या पाण्यांत बांबूची काडी बुडवून तीवर चित्र काढावयाचें. पुढील सारवणांत तें चित्र जातें. म्हणजे या भिंतीस वाचतां येतील असे थर नाहींत. परंपरा आहे ती सवाष्णींच्या हातांत व धवलेरीच्या गाण्यांत, पाषाणांत नाहीं. तिचें वय पाषाणाच्या मापानें मोजूं पाहणें ही पद्धतीचीच चूक आहे.

पद्धतीचा प्रश्न निघालाच आहे, तर महाराष्ट्रांतील एका प्रसिद्ध उदाहरणाची आठवण करणें अस्थानीं होणार नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' या ग्रंथाचा विषयही मृगच आहे, मात्र तो आकाशांतला. ऐतरेय ब्राह्मणांत प्रजापति मृगरूप घेऊन आपल्याच कन्येमागें जातो, आणि देवांनीं निर्माण केलेला उग्र पुरुष त्यास बाणानें विंधितो. तो मृग, तो मृगव्याध व तो त्रिकांड बाण आजही आकाशांत दाखविले जातात. वसंतसंपात मृगशीर्षांत असण्याचा काळ गणितानें काढून टिळकांनीं वेदकालाचा निर्णय मांडिला. तो निर्णय सर्वमान्य झाला नाहीं. तथापि त्यांनीं कथेस ज्योतिर्गणिताची जोड दिली होती; त्यामुळें त्यांचें म्हणणें तपासतां आलें, आणि त्यावर सप्रमाण आक्षेपही घेतां आले. वारली पारध्याच्या भीमबेटकी वंशास अशी कोणतीच जोड नाहीं. ज्या मताची तपासणीच होऊं शकत नाहीं, तें सुंदर असूं शकेल, सिद्ध नव्हे.

मग हें हरिण वाचावें कसें? आमचें उत्तर असें कीं, तें जेथें आहे तेथें ठेवून. लग्नाच्या भिंतीवरील मुख्य वस्तु चौक होय. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी. ती वनस्पतीची व सुफलतेची देवता. तिच्या भोंवतीं झाडें, शेत, ताडावर चढणारा, मासे धरणारा, नाचणाऱ्यांचा फेर, आणि त्यांतच पारधी व हरिण. पारध हा त्या चित्राचा विषय नव्हे. देवीच्या भोंवतीं पसरलेल्या जगाचें तें एक अंग आहे. शेत जसें, मासेमारी जशी, तशीच पारध.

हें वैशिष्ट्य इतर परंपरांशीं ताडून पाहिल्यावांचून पुरतें ध्यानांत येत नाहीं. आपल्या इतिहासपुराणांत मृगया हें बहुधा अनर्थाचें द्वार असतें. मृगरूपी किंदम ऋषीस मारून पांडु शाप ओढवून घेतो. राम सुवर्णमृगाचा पाठलाग करितो आणि इकडे सीता हरिली जाते. जरा नांवाचा व्याध श्रीकृष्णाच्या पायास मृग समजून बाण सोडितो. ग्रीक कथेंतील ॲक्टिऑन तर स्वतःच मृग होऊन आपल्या कुत्र्यांच्या तोंडीं पडतो. राजदरबारीं हीच मृगया विलास व पराक्रम ठरते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत १२ व्या शतकांत तिचें शास्त्रच सांगितलें आहे. बौद्धांनीं मृगाची बाजू घेतली. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यांत, ५ व्या शतकाच्या उत्तरार्धांत रंगविलेल्या शरभ जातकांत बोधिसत्त्व स्वतः मृग आहे, आणि त्याच्या शिकारीस निघालेल्या राजास तोच संकटांतून तारितो. या सर्व ठिकाणीं हरिण कोणाच्या तरी पराक्रमाचें, पापाचें वा परीक्षेचें साधन आहे. वारली चौकाभोंवतीं तसें नाहीं. तेथें पारध्यास मुकुट नाहीं, शाप नाहीं, उपदेशही नाहीं. दोघे एकाच पिठाचे, एकाच रेघेचे.

यावर कोणी म्हणेल कीं, आज विक्रीस असलेल्या कित्येक चित्रांत तर निव्वळ पारधच असते. खरें आहे, आणि येथेंच इतिहासाचा उपयोग होतो. १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीनें या पाड्यांत कागद आला. स्त्रियांच्या हातीं असलेली ही कला पुरुषांनींही उचलली. गंजाडचे जिव्या सोमा मशे हे त्यांतील अग्रणी. त्यांस १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. कागदावर लग्न नव्हतें, म्हणून चौकाची सक्तीही नव्हती. देवीच्या भोंवतालचें जग चौकापासून सुटलें व स्वतंत्र चित्र झालें. तात्पर्य, जी एकटी पारध पाहून पाहणारास आदिमानव आठवतो, ती या कलेची अर्वाचीन अवस्था आहे! आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. ज्या दशकांत रानांतील हरिणाच्या शिकारीवर देशव्यापी निर्बंध आले, त्याच दशकांत ती शिकार कागदावर मोकळी झाली.

हा वाद केवळ कालगणनेचा नव्हे. दहा हजार वर्षें जो बदललाच नाहीं असें म्हणावयाचें, त्याचा इतिहास लिहिण्याची जरूरी उरत नाहीं. वारल्यांस इतिहास आहे, व तो कठोर आहे. लग्नाच्या कर्जापायीं सावकार-जमीनदाराच्या घरीं बांधला जाणारा 'लग्नगडी' याच मुलुखांतला. ती वेठ मोडण्यासाठीं १९४५ सालीं येथें उठाव झाला, आणि गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथांत त्याची हकीकत लिहून ठेविली. ज्या लग्नासाठीं भिंतीवर हरिण धांवलें, त्याच लग्नाच्या ऋणांत नवरदेव अडकला, अशीं घरें या पाड्यांत होतीं. त्या भिंतीकडे पाहतांना भीमबेटक्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. परंतु त्या आठवणीनें या घराचा विसर पडत असेल, तर ती संशोधकाच्या कामाची नाहीं.