मंडपेश्वर : एका कातळावरचे दोन हात

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतून दहिसरच्या दिशेने निघाले की इमारतींच्या दाटीत एकाएकी मैदान लागते आणि त्याच्या कडेला कातळाचे बुटके, सावलीने भरलेले तोंड दिसते. हेच मंडपेश्वर. घारापुरीचा दिमाख इथे नाही, जोगेश्वरीच्या लेण्याचा ऐसपैस विस्तारही नाही. त्यामुळेच नजरेला घाई नसते. मैदानात पोरांचे क्रिकेट रंगलेले असते, एखादा चौकार थेट लेण्याच्या दिशेने येतो, आणि तो चुकवत आपण आत शिरतो.

बाजूच्या दालनातल्या नटराजाची आधी झीजच डोळ्यांत भरते. हात खंडित, मुखावरच्या रेषा विरलेल्या. पण आपण जरा रेंगाळू या. हळूहळू ध्यानात येते की शिल्पकाराने नृत्य हातांच्या भरवशावर सोडलेलेच नव्हते; ते कमरेच्या त्या एका वळणात, खांद्याच्या किंचित झुकण्यात साठवलेले आहे, म्हणूनच इतके हरवूनही लय हरवलेली नाही. उलट अवयव गळाल्यावर ती लय अधिकच निखळ झाली आहे, असे मला तरी वाटते.

याच कातळाला पुढे दुसरा हात लागला. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने शिवाच्या या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले. आपली मंडळी बॉस्टनला गेली की जुन्या वास्तूंपुढे हौसेने छायाचित्रे काढतात. ते बॉस्टन वसले १६३० मध्ये, म्हणजे या प्रार्थनामंदिराच्याही नंतर!

त्या काळाची खूण म्हणजे भिंतीवर कातळातच कोरलेला क्रूस. त्याच्या जागी आधी काय होते, या विचाराने मन कळवळते. ती सत्तेची जबरदस्ती होती, हे झाकायचे कारण नाही. तरीही आपण त्याच्याकडे कोरीव काम म्हणून पाहू या. नटराजाशेजारी सगळे वक्र, सगळे वाहते. इथे दोन सरळ रेषा आणि त्यांचा छेद. छिन्नी धरणारा बहुधा साष्टीतलाच कुणी पाथरवट असावा, अशी कल्पना मला मोह घालते : यजमान बदलला, दगड तोच, आणि त्या दगडाचा स्वभाव ओळखणारा हातही इथल्याच मातीतला.

लेण्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांच्या मठाचे आणि विद्यालयाचे भग्नावशेष आहेत. छप्पर नसलेल्या त्या भिंतींकडे पाहून मगच खालच्या खांबांकडे वळावे. खाली डोंगर पोखरून, पाषाण वजा करत पोकळी घडवली. वर चिऱ्यावर चिरा चढवत तिला भिंतींनी वेढले. वास्तुकलेच्या या दोन परस्परविरुद्ध रीती एकाच उभ्या रेषेत, एकीच्या डोक्यावर दुसरी, अशा पाहण्याचा आनंद मुंबईत इतरत्र सहसा लाभत नाही. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, मग इंग्रजांकडे गेली. आज लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि शिवपूजाही चालू आहे. महाशिवरात्रीला इथे भाविकांची रीघ लागते. ८ डिसेंबरला जवळच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा सण असतो, आणि आय. सी. कॉलनीचे नाव त्या चर्चवरूनच पडले आहे.