हद्द कोणाभोवती आखायची?

‘तडीपार’ या शब्दात नदी आहे. तड म्हणजे काठ. गावाला नको असलेल्या माणसाला पलीकडच्या काठावर नेऊन सोडायचे, ही त्यामागची जुनी कल्पना. आमच्या गोदाकाठच्या नाशकात हा शब्द आजही रोजच्या वापरातला आहे. सण किंवा निवडणूक जवळ आली की ‘शहर व जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार’ अशा बातम्या येऊ लागतात. आणि एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की निघणाऱ्या मोर्चात फाशीच्या मागणीखालोखाल हीच मागणी ऐकू येते : असल्या माणसाला इथे राहू देऊ नका. या मागणीमागची भीती खरी आहे. म्हणूनच माणसाने कुठे राहावे हे ठरवणारा कायदा लैंगिक गुन्ह्याच्या बाबतीत प्रत्यक्षात काय देतो, हे मला तपासून पाहायचे आहे.

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनी कुठे राहू नये, असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. जवळचा कायदा म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याचे कलम ५६ साक्षीदार पुढे यायला घाबरतात अशा दांडग्यांसाठी आहे. कलम ५७ शिक्षा झालेल्यांसाठी. भारतीय दंड संहितेच्या ज्या प्रकरणांखाली शिक्षा झाली असता कलम ५७ लावता येते, त्यांत सोळावे प्रकरण आहे, आणि बलात्काराचे कलम ३७६ त्याच प्रकरणात होते. म्हणजे शिक्षा भोगून आलेला माणूस तसाच गुन्हा पुन्हा करील असे मानायला कारण असेल, तर त्याला हद्दपार करण्याचा अधिकार पोलिसांच्या हाती पहिल्यापासून आहे. हे कलम घटनेला धरून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच हरी खेमू गवळी खटल्यात बहुमताने दिला.

अधिकार आहे, पण त्याचा आकार पाहा. कलम ५८ नुसार हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. शहरात आदेश काढणार पोलीस उपायुक्त, ग्रामीण भागात बहुधा प्रांताधिकारी. हद्द आखली जाते ती बहुधा शहराची, जिल्ह्याची, काही वेळा लगतच्या जिल्ह्यांची. इगतपुरीहून गाडी घाट उतरून कसाऱ्याला लागली की ठाणे जिल्हा. सिन्नर ओलांडून संगमनेरच्या बाजूला गेले की अहिल्यानगर. नाशिकपुरता धोकादायक ठरलेला माणूस तिथे कोणाच्या तरी शेजारी खोली घेतो. त्या शेजाऱ्यांच्या मुली आपल्या हिशेबात धरलेल्या नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

हाच विचार टोकाला नेला तर काय होते, हे अमेरिकेने करून पाहिले आहे. आयोवा राज्याने २००२ साली असा कायदा केला की मुलांविरुद्ध लैंगिक गुन्हा केलेल्याने शाळेपासून किंवा पाळणाघरापासून २,००० फुटांच्या आत, म्हणजे सुमारे ६०० मीटरच्या आत, राहू नये. न्यायालयात तो टिकलाही. पण २००६ साली त्याच राज्यातल्या सरकारी वकिलांच्या संघटनेने त्याविरुद्ध निवेदन काढले : लोक बेघर होत आहेत, खोटे पत्ते देत आहेत, न कळवता जागा बदलत आहेत. पोलिसांच्या नजरेसमोर असलेला माणूसच नजरेआड झाला. २००९ साली आयोवाला कायदा आवरता घ्यावा लागला. मायामीत ही मर्यादा २,५०० फुटांची होती. तिथे अशा माणसांची वस्ती चक्क समुद्रावरच्या एका पुलाखाली उभी राहिली आणि २०१० साली ती उठवावी लागली. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने २००७ साली सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या २२४ जणांची प्रकरणे तपासली. राहण्यावरच्या अशा बंदीमुळे त्यातला एकही गुन्हा टळण्यासारखा नव्हता, असा निष्कर्ष निघाला.

हे गणित नाशकात मांडून पाहा. पंचवटी, भद्रकाली, सातपूर, सिडको यांच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती आणि अंगणवाडीभोवती ६०० मीटरचे वर्तुळ काढले, तर मोकळे घर सापडणे कठीण. उरतील त्या शहराबाहेरच्या जागा, म्हणजे पुन्हा कोणाचे तरी मळे आणि पाडे.

पण माझा मुख्य आक्षेप याहून मूलभूत आहे. वर्तुळाचा हा कायदा गुन्हेगाराला अनोळखी समजतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या प्रकरणांतला आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे ९० टक्क्यांच्या वर आहे. या आकड्यात लग्नाचे आमिष दाखवल्याच्या तक्रारीही येतात, हे लक्षात घेतले पाहिजे; तरी घरातला माणूस, नातेवाईक, शेजारी, मालक ही यादी मोठीच उरते. चाळीतल्या काकांना शाळेच्या फाटकापाशी उभे राहावे लागत नाही. त्यांना दार आतून उघडले जाते.

मग घरातल्याच माणसाने अत्याचार केला तर प्रत्यक्षात घर कोण सोडते? पोक्सो कायद्याखालचे २०२० चे नियम सांगतात की संशयित त्याच घरात राहणारा असेल, तर पोलिसांनी मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे. मुलाला कुटुंबाकडून काढून बालगृहात ठेवायचे का, हे समितीने तीन दिवसांत ठरवावे. ठरवताना मुलाची इच्छा विचारात घ्यायची असते, आणि कित्येकदा मुलाला हलवण्याखेरीज सुरक्षित मार्गही नसतो. पण परिणाम पाहा : मुलीची शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, आईही सुटते. आरोपी जामिनावर आला तर तो येतो आपल्याच घरी. आदेश कोणी काढलेला नसतो, पण तडीपार झालेली असते ती मुलगी.

वेगळी वाट आपल्याच कायद्यात आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातले कलम १९ दंडाधिकाऱ्याला असा अधिकार देते की त्याने प्रतिवादी पुरुषालाच सामाईक घरातून बाहेर पडायला सांगावे. कलम १८ खाली बाईच्या कामाच्या जागी किंवा मुलाच्या शाळेत जायला त्याला मनाई करता येते. इथे हद्द आखली जाते ती जिला जपायचे तिच्याभोवती. तिचे घर, तिची शाळा, तिचा जाण्यायेण्याचा रस्ता. अपर्णा भट खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राखी बांधून घेण्याची जामिनाची अट रद्द केली, तेव्हाही हेच बजावले की जामिनाच्या अटींनी तक्रारदार बाईला संरक्षण द्यावे आणि आरोपीचा तिच्याशी संपर्क येऊ देऊ नये.

‘पण तो तिच्याच चाळीत परत आला तर? दोन वर्षे का होईना, तडीपारीने तिला मोकळा श्वास मिळेल,’ असे कोणी म्हणेल. हा मुद्दा मला मान्य आहे. अशा वेळी कलम ५७ वापरावेच. मात्र कलम ५९ खाली म्हणणे ऐकले जाते ते ज्याला घालवायचे त्याचे. तिला विचारण्याची तरतूद तिथे नाही. तिला कोणत्या गल्लीची भीती वाटते, तो कोणत्या वाटेने येतो, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती त्या सुनावणीत नसते. पोक्सोच्या नियमांनुसार आरोपीचा जामीन, सुटका यांची माहिती मुलाला व पालकांना द्यायची असते. ही खबर नाशिकरोड कारागृहाचे दार उघडण्याआधी तिच्या घरी पोचली पाहिजे. ती बाजारात समोरासमोर गाठ पडल्यावर कळू नये.

आणखी एक सावधगिरी. माणसांना जागेशी जखडण्याचा किंवा जागेवरून हुसकण्याचा अधिकार या देशात कोणावर चालला, हे आपण विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना हजेरीला बांधले; तो १९५२ साली गेला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो सरसकट वापरू नये आणि पूर्ण दोन वर्षे का हवीत याचा विचार आदेशात दिसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सांगितले. हे बंधन कोणाला गुन्हेगाराची कड घेणे वाटेल. मला त्यात शिस्त दिसते : नेमका धोका कोणाला, कुठे आणि किती काळ, हे लिहायला भाग पाडणारी शिस्त.

२०१८ साली केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तेव्हाच तिच्यात ४ लाख ४० हजारांवर नोंदी होत्या आणि ती फक्त तपासयंत्रणांना पाहता येते. ती सर्वांना खुली करा, अशी मागणी अधूनमधून होते. आरोपी घरातला असेल तेव्हा त्याच्या नावाबरोबर मुलीचे नावही उघडे पडेल, एवढे एकच कारण मला त्याविरुद्ध पुरेसे वाटते. नोंदवहीचा उपयोग देखरेखीसाठी व्हावा : ठरलेल्या दिवशी हजेरी, मुलांशी संबंध येणाऱ्या कामावर बंदी, समुपदेशन, आणि ठावठिकाणा ठाऊक असलेला अधिकारी. यासाठी माणसाला राहायला एक पत्ता लागतो. तोच आपण हिरावून घेतला तर हाती काही उरत नाही.

पुढच्या मोर्चात ‘याला इथे राहू देऊ नका’ ही घोषणा पुन्हा येईल. तिच्या जोडीला दुसरी एक मागणी फलकावर यायला हवी : तिला इथेच राहू द्या. तिच्या घरात, तिच्या शाळेत, निर्धास्त. कायद्याने हद्द आखावी ती तिच्या उंबऱ्यापासून.