‘मग’ आणि ‘मंग’

भाषेचा स्वभाव तिच्या भारदस्त शब्दांपेक्षां क्षुल्लक वाटणाऱ्या अव्ययांतच अधिक उघड होतो. ‘मग’ हें असेंच एक क्रियाविशेषण. ज्ञानेश्वरीपासून (शके 1212) आजतागायत त्यावांचून मराठी कथन एक पाऊलही पुढें सरकलेलें नाहीं. आणि त्या शब्दाच्या पोटांत पाऊलवाटच दडलेली आहे.

संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’ ही परंपरा सरळ आहे. ‘माग काढणें’ यांत जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. चालणाऱ्याचा माग त्याच्या पाठीशीं उरतो. म्हणून प्राकृतांत ‘मग्गओ’ म्हणजे ‘पाठीमागून’. स्थलवाचक ‘मागें’ व कालवाचक ‘मग’ हीं दोन्ही त्याच घराण्यांतलीं. वाक्यारंभीं आघाताशिवाय उच्चारल्यामुळें ‘मग’मधील स्वर ऱ्हस्व राहिला असावा.

येथें कोणी विचारील, ‘मागें’ म्हणजे पूर्वीं, तर ‘मग’ म्हणजे नंतर, हें कसें? चालून आलेली वाट पाठीशीं राहते, ती भूतकाळ. परंतु आपल्या पाठीमागून येणारा वाटसरू उशिरां पोंचतो, तो उत्तरकाळ. दृष्टि बदलली, वाट तीच. वाटेवरून काळ मोजण्याची ही रीति आपलीच नव्हे. कॅटलन भाषेंत ‘लवकर’ या अर्थाचें ‘आविआत’ हें क्रियाविशेषण लॅटिन ‘विया’पासून, म्हणजे वाटेपासूनच निघालें, इंग्रजी ‘ऑल्वेज’च्या अंगांतही ‘वे’ आहे.

आतां खानदेशाकडे वळूं. दोंडाईच्याच्या मिरचीबाजारांत ‘मंग’ हेंच रूप कानीं पडतें. आमचे कथालेखक तें अडाणी पात्राच्या तोंडीं हंशासाठीं घालतात, आणि शाळेंत मुलें त्याची लाज बाळगावयास शिकतात. परंतु हा अनुस्वार जिभेचा आळस नव्हे. ‘वक्र’चें ‘वंक’ झालें, ‘पक्ष’चा ‘पंख’ झाला. जोडाक्षर मोडतांना अनुनासिक येण्याची ही जुनी चाल आहे. ज्या ‘मग्ग’ धातूपासून मराठी ‘मागणें’ आलें, त्याच्यापासूनच हिंदी ‘माँगना’. ‘माँगना’ शिष्ट आणि ‘मंग’ गांवढळ, हा न्याय भाषाशास्त्राचा नव्हे, प्रतिष्ठेचा आहे.

छापील गद्याला एक ठरीव रूप हवें, हें मान्य. पण प्रमाण म्हणजे सोईसाठीं केलेली निवड; उरलेलीं रूपें त्यामुळें अशुद्ध ठरत नाहींत. लेखकानें ‘मंग’ जरूर लिहावें. मात्र पात्राला हंसण्यासाठीं नव्हे, त्याचें बोलणें खरें ऐकूं यावें म्हणून.