शाकुहाचीची साधना : एक चिकित्सा

शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी शिकणे म्हणजेच ध्यानसाधना होय, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. त्याची चिकित्सा आम्हांस अगत्याची वाटते. कारण वाद्याची गाठ जन्माशी कशी मारली जाते, हे धाराशिव जिल्ह्यातील गावांनी हलगीच्या रूपाने पाहिले आहे.

एक शाकू आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर, या लांबीवरून या वाद्यास नाव मिळाले. पुढे चार व मागे एक अशी त्यास पाच छिद्रे असतात. ते उभे धरून वरच्या टोकाच्या तासलेल्या धारेवर फुंकर सोडावी लागते. अलगुजात असते तशी हवेस वाट दाखविणारी आयती फट येथे नाही; म्हणून नवशिक्याचे पहिले दिवस नुसत्या फुसफुसण्यात जातात. जोराने फुंकल्यास घेरी येते, सैल फुंकल्यास स्वर उमटत नाही. सर्व छिद्रे बंद करून ‘रो’ हा एक स्वर स्थिर करणे हाच आरंभीचा पाठ. अतिरेकी परिश्रमाने थकलेल्या सोण भिक्खूस भगवंतांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला, त्याचे मर्म येथे श्वासातून उमगते. एवढ्यापुरते उपरोक्त प्रतिपादन आम्हांस मान्य आहे.

परंतु पुढचा दावा मान्य होण्याजोगा नाही. या वादनास धर्मसाधना मानणाऱ्या फुके संप्रदायाने आपली परंपरा चीनमधील एका प्राचीन भिक्खूपर्यंत नेली. ती कथा सांगणारा ग्रंथ १७९५ साली प्रसिद्ध झाला, तर संप्रदायास विशेषाधिकार देणारी सनद १६१४ सालची म्हणून पुढे केली गेली. इतिहास-संशोधक त्या कथेस दंतकथा व सनदेस बनावट मानतात. अशा आधारावर हे वादन नियमाने सामुराई वर्गापुरते राखले गेले. येथे हलगी मातंग बांधवांच्या माथी जन्माने मारली गेली. तेथे बासरी जन्माने राखून ठेवली गेली. रूपे भिन्न, विषमता एकच. १८७१ साली मेजी शासनाने हा संप्रदाय बरखास्त केला आणि ही बासरी सर्वांस खुली झाली.

तेर येथील त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, हे अभ्यासकांनी त्याच्या विटा व चापाकार रचना पाहून ठरविले, माहात्म्यकथा ऐकून नव्हे. तीच कसोटी या बासरीसही लावली पाहिजे. उपोसथाच्या अष्टशीलात तर वादनापासून विरतीच सांगितली आहे. तेव्हा वाद्य स्वतः धम्म नव्हे. सजगता व सम्यक् प्रयत्न हेच धम्माचे अंग होत.

मग उपासकांनी वाद्य शिकू नये काय? अवश्य शिकावे. बाबासाहेबांनी प्रौढ वयात व्हायोलिनचे धडे घेतले, ते कोणत्याही पावित्र्याच्या सनदेसाठी नव्हे. नवशिक्याचा श्वास जात जाणत नाही. त्याचा पहिला ओबडधोबड स्वर कोणाच्याही परवानगीविना उमटावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.