मुक्त ज्ञान आणि सुगम ज्ञान

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तथापि शाळेचे दार उघडले म्हणजे विद्यार्थी आत येतोच असे नव्हे, हे त्यांनी पूर्वीच जाणले होते. १९०१ पासून कोल्हापुरात निघालेल्या वसतिगृहांचे मर्म हेच होय. ऑनलाइन शिक्षणाच्या आजच्या चर्चेत नेमका हा भेद दुर्लक्षिला जातो.

‘शोधगंगे’चे उदाहरण घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमानंतर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या या प्रबंधभांडारात शिवाजी विद्यापीठाचेही प्रबंध आहेत. ज्यासाठी चंदगडच्या विद्यार्थ्यास कोल्हापूर गाठावे लागे, तो प्रबंध आता घरबसल्या विनामूल्य वाचावयास मिळतो. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे.

परंतु हे ‘वाचावयास मिळणे’ सर्वांसाठी आहे काय? कित्येक मराठी प्रबंध म्हणजे केवळ पानांची छायाचित्रे होत. काही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित आहेत; पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची निरर्थक मालिका असते. अंध विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर पहिल्या प्रकारापुढे मूक होते, दुसऱ्यापुढे असंबद्ध बडबडते. डोळस संशोधकालाही त्यांत शब्द शोधता येत नाही. सारांश, ग्रंथ मुक्त आहे, पण सुगम नाही.

याचा दोष कायद्याकडे जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अपंगांसाठी सुगम प्रती करण्याची मुभा मिळाली. २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम अनुसमर्थन दिले ते भारतानेच. अक्षरे ओळखणारी यंत्रे ही उणीव भरून काढतील, असा एक युक्तिवाद केला जातो. तो अंशतः खरा आहे. पण जोडाक्षरे, तळटीपा व पुसट छपाई यांपाशी ती यंत्रे अद्याप चुकतात, आणि न तपासलेली संहिता संशोधनात घातक ठरते.

जुन्या प्रबंधांची दुरुस्ती हे दीर्घकाळाचे व खर्चाचे काम आहे, हे मान्य. आज लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांना मात्र ही सबब लागू पडत नाही. युनिकोडमधील संहिता, शीर्षकांची यथायोग्य रचना आणि चित्रांची शब्दांत वर्णने, एवढा आग्रह प्रत्येक विभागाने व मार्गदर्शकाने धरणे अशक्य नाही. तो न धरल्यास अंध विद्यार्थ्याला दारातच थांबवून ठेवल्याचा दोष आपल्याकडेच येईल.